फुकट, ब्राउझरमध्ये चालणारे सिम्युलेशन गेम: अर्ध्या तासाच्या खेळाडूंसाठी

दुपारचा चहा (धागालेखिका)

नमस्कार मंडळी,

शहर वसवायची, शेती करायची, विमान उडवायची हौस आहे, पण घरात गेमिंग पीसी नाही आणि जेवणं उरकून ओटा आवरल्यावर हातात जेमतेम अर्धा तास उरतो, अशा लोकांसाठी हा धागा. गेम ब्राउझरच्या टॅबमध्ये चालला पाहिजे. इन्स्टॉल काही करायचं नाही. आणि फुकट म्हणजे फुकट. "खेळा फुकट, हिरे विकत घ्या" हा प्रकार इथे नको.

३१ डिसेंबर २०२० ला ब्राउझरमधले जुने गेम चालवणारं फ्लॅश बंद झालं आणि त्याच दिवशी फेसबुकवरच्या मूळ फार्मव्हिललाही कुलूप लागलं. त्यानंतर ब्राउझरमध्ये खेळण्यासारखं काही उरलंच नाही, असं समजणारे अजून भेटतात. तसं काही नाही. जुने फ्लॅश गेमसुद्धा रफल नावाच्या एम्युलेटरवर (जुन्या यंत्रणेची नक्कल करणारा प्रोग्रॅम) पुष्कळसे चालतात, आणि नवे तर थेट ब्राउझरच्या भाषेत, जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेले असतात.

माझी निवडीची पद्धत एकच. मध्येच टॅब बंद केला, चार दिवस उघडलाच नाही, तर काय बिघडतं? काहीच बिघडत नसेल तर गेम माझा. फार्मव्हिलमध्ये स्ट्रॉबेरी चार तासांत तयार व्हायची, वांगी दोन दिवसांत, आणि वेळेवर काढली नाहीत तर वाळून जायची. आपण ऑफिसात टेबलाशी कधी असू हे बघून लोक पीक ठरवायचे! शेत आपलं, घड्याळ त्यांचं.

सुरुवात मायक्रोपोलिसने करते. विल राइटचा १९८९ चा शहर वसवायचा गेम, सिमसिटी, आठवतोय? हा त्याचाच कोड. गरीब मुलांना स्वस्त लॅपटॉप देण्याच्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाच्या निमित्ताने सिमसिटीच्या मालक कंपनीने तो दिला आणि २००८ मध्ये जीपीएल या खुल्या कोडच्या परवान्याखाली खुला झाला. सिमसिटी हे नाव ट्रेडमार्क असल्याने गेमचं अगदी पहिलं, कच्च्या अवस्थेतलं नाव त्याला परत मिळालं. आता त्याची जावास्क्रिप्ट आवृत्ती टॅबमध्ये सरळ उघडते. सोप्या पातळीवर २०,००० डॉलर मिळतात, अवघडवर ५,०००. कोळशाचं वीजकेंद्रच ३,००० चं, म्हणजे अवघड पातळीवर पहिल्या मिनिटालाच निम्म्याहून जास्त खजिना जातो. मग राहिलेल्या २,००० मध्ये घरं, दुकानं, कारखाने आणि रस्ते बसवा. मजा तिथेच आहे.

तुम्ही काय खेळता ते लिहा. नुसती नावं नकोत, खेळताना काय होतं तेही सांगा.

---

निवांत पाटील

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर. माझा विषय विमान.

---

जर्सीकर

उत्तम धागा चहाताई. ज्यांना डोक्याला अजिबात ताप नको त्यांच्यासाठी दोन.

स्लो रोड्स, २०२२ चा. घाटातला न संपणारा रस्ता, एक गाडी, बाकी शून्य. रस्ता तुमच्यापुढे तयार होत जातो. ना शर्यत, ना गुण, ना पोलीस. हात सोडून गाडी स्वतःलाच चालवू देता येते. मी झोपायच्या आधी लावतो.

दुसरा टाउनस्केपर. हा विकतही मिळतो, पण करणाऱ्याने, ऑस्कर स्टॉलबर्गने, ब्राउझरमधली आवृत्ती फुकट ठेवली आहे. समुद्रावर क्लिक केलं की घर उगवतं, वर क्लिक केलं की मजला. चहूबाजूंनी घरांनी वेढलेली जागा उरली की तिथे आपोआप बाग होते. पैसा नाही, कर नाही, हरणं नाही.

---

दुपारचा चहा

टाउनस्केपर सुंदर आहे यात वादच नाही, पण मला दहा मिनिटांत कंटाळा आला. काहीच बिघडू शकत नसेल तर सिम्युलेशन कसलं? चित्रकलेची वही झाली ती. (हलकं घ्या.)

---

नकाशेवाला

नगररचनेच्या खात्यात उमेदवारी केलेली असल्यामुळे मायक्रोपोलिसवर जरा सविस्तर बोलतो. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

गेममध्ये तीन प्रकारच्या जमिनी: निवासी, व्यापारी, औद्योगिक. प्रत्येक तीन बाय तीन चौकोनांची. एकात दुसरं मिसळत नाही. आता सदाशिव पेठ किंवा गिरगाव डोळ्यांसमोर आणा. खाली दुकान, मधल्या मजल्यावर वकिलाचं ऑफिस, वर बिऱ्हाडं, मागच्या अंगणात छापखाना. हे मायक्रोपोलिसमध्ये बांधताच येत नाही! धंदा इथे, घर तिथे, मध्ये रस्ता, हा अमेरिकन उपनगरांचा नियम गेमने निसर्गनियमासारखा धरलेला आहे. राइटने जे वाचून हे सगळं बेतलं त्यात जे फॉरेस्टर या अमेरिकन अभ्यासकाचं १९६९ चं 'अर्बन डायनॅमिक्स' हे पुस्तक होतं. शहर म्हणजे समीकरणांचा संच, हा विचार तिथला.

दुसरं म्हणजे पाणी. पहिल्या सिमसिटीत पाणीपुरवठाच नाही. वीज हवी, पाणी नको. (नळाचं पाणी पुढच्या आवृत्तीत, सिमसिटी २००० मध्ये आलं.) ज्या शहरात टँकर लागत नाही तिथला महापौर व्हायला मला आवडेल. पार्किंगही नाही. झोपडपट्टी नाही. जमिनीचा मालक नाही, त्यामुळे भूसंपादन नाही, त्यामुळे कोर्टात स्टे नाही. बुलडोझर एका डॉलरला एक चौकोन साफ करतो आणि कुणी मोर्चा काढत नाही.

तरीही सांगतो, नव्या पोरांना मी हाच गेम खेळायला लावतो. कारण अंदाजपत्रकाची खिडकी. रस्ते, पोलीस, अग्निशमन अशी तीन कलमं. रस्त्यांचा निधी कापला की रस्ते लगेच उखडत नाहीत. शिल्लक छान दिसते. मग हळूहळू इथला तुकडा, तिथला तुकडा गळायला लागतो आणि एखाद्या वस्तीचा संपर्कच तुटतो. पुढचं मला लिहायला लावू नका, सरकारी माणूस आहे.

---

घाटमाथा

नकाशेवाले साहेब, +१००.

कोड खुला आहे म्हणून मी तो वाचत बसलो होतो (धंदाच तो आपला), त्यातली एक गंमत. वाहतूक मोजताना गेम काय करतो? घरातून एक प्रवासी निघतो आणि दुकान किंवा कारखाना शोधतो. त्याच्याकडे नकाशा नसतो. चौकात कुठे वळायचं ते तो निव्वळ नशिबावर ठरवतो. तीस चौकोनांच्या आत मुक्कामाला पोचला तर ठीक, नाहीतर ती फेरी फुकट. म्हणून जास्त चौक असलेलं जाळं या गेममध्ये मार खातं. सरळ, कमी फाट्यांचे रस्ते ठेवा.

आणखी एक: रस्त्यावर गर्दी साठते, रुळांवर साठत नाही. म्हणजे सगळे रस्ते उखडून फक्त रूळ टाकले तर शहरात वाहतूक कोंडी शून्य. रूळ चौकोनाला २० डॉलर, रस्ता १०, तरी परवडतं. लोकलने लोंबकळत जाणाऱ्यांनी हे वाचून हसू नये.

वीजेचं गणित: कोळशाचं केंद्र ७०० चौकोनांना पुरतं, अणुकेंद्र २,००० ला. अणुकेंद्राची किंमत ५,०००. वरवर बघता स्वस्त, पण ते फुटू शकतं. मी कोळसा घेतो आणि नकाशाच्या कोपऱ्यात टाकतो, म्हणजे निम्मं प्रदूषण नकाशाबाहेर.

---

नकाशेवाला

शेवटचं वाक्य वाचून तुम्हाला आमच्या खात्यात नोकरी नक्की.

---

खडूफळा

मी शिक्षिका आहे, त्यामुळे माझी यादी मुलांच्या बाजूने.

चहाताईंनी 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' म्हटलं म्हणून: त्या प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैरात गावच्या एकशिक्षकी शाळेत झाला होता. ते हिरवे-पांढरे लॅपटॉप देशभर काही पसरले नाहीत, पण ज्या निमित्ताने सिमसिटीचा कोड खुला झाला ते निमित्त आपल्या दारापर्यंत आलं होतं.

आता गेम. लेमोनेड स्टँड. १९७३ सालचा, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या शैक्षणिक संगणक संस्थेचा. पुढे ॲपल टू संगणकावर लोकप्रिय झाला. इंटरनेट अर्काइव्हवर एम्युलेटरमधून टॅबमध्ये खेळता येतो. हातात दोन डॉलर. सकाळी हवामान सांगतात. मग तीन प्रश्न: किती पेले करायचे, जाहिरातीच्या पाट्या किती (एक पाटी १५ सेंट), आणि पेल्याचा भाव काय. सुरुवातीला पेला दोन सेंटला पडतो, कारण साखर आई फुकट देते. तिसऱ्या दिवशी आई साखर द्यायची बंद करते आणि पेला चार सेंटला पडतो! सहावीच्या मुलांना नफा-तोटा शिकवताना हे वाक्य आलं की वर्गात एकदम हाहाकार. "बाई, हे अन्यायाचं आहे." पुस्तकातल्या उदाहरणातला दुकानदार शंभर पेन्सिली घेतो तेव्हा कुणालाच काही वाटत नाही.

दुसरं, फेट. कोलोरॅडो विद्यापीठाचा उपक्रम, नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला. याला गेम म्हणावं का यावर वाद घालू शकता, पण सर्किट जोडायचं, लंबक हलवायचा, गुरुत्वाकर्षण कमी-जास्त करायचं, हे मुलं खेळ म्हणूनच करतात. सगळं फुकट, जाहिरात एक नाही, आणि बरीचशी सिम्युलेशन्स मराठीत आहेत. भाषेच्या यादीत मराठी निवडा. ग्रामीण शाळेसाठी याहून चांगलं फुकट काही मी पाहिलेलं नाही.

---

रात्रपाळी

चहाताईंच्या मूळ मुद्द्याला माझा विरोध. "टॅब बंद केला तर काही बिघडू नये" हे एकट्याने खेळणाऱ्याचं तत्त्वज्ञान झालं. मी ट्रॅव्हियनवाला. २००४ चा जर्मन गेम, ब्राउझरमध्येच. लाकूड, माती, लोखंड, धान्य, त्यातून गाव वाढवायचं. तुम्ही झोपलात तरी जग चालू असतं, शेजारचा रात्री तीनला येऊन कोठार लुटून नेतो. म्हणून तर युती लागते. आमच्या युतीत नाशिकचा एक, मस्कतचा एक, आणि एक काका होते ज्यांना पहाटे चारला जाग यायचीच. त्यांचं काम फक्त पहारा. या माणसांशी माझी आजही ओळख आहे. तुमच्या त्या एकट्या शहरातून काय मिळालं?

---

दुपारचा चहा

रात्रपाळी, मुद्दा मान्य, पण तो गेम माझ्या धाग्यात बसत नाही. सोनं विकत घेणारा पुढे जातो, तो झाला एक भाग. खरी अडचण ही की ज्याच्या हातात अर्धा तास आहे तो तिथे फक्त लुटला जातो. पहाटे चारला उठणारे काका प्रत्येकाच्या नशिबात नसतात.

---

रात्रपाळी

सोन्याचं मान्य. काकांचं नाही. काका शोधावे लागतात.

---

झिपरी

मी मध्ये पडते. घड्याळ आपलंही नाही आणि त्यांचंही नाही, असा तिसरा प्रकार आहे: टॅब उघडा ठेवून कामाला लागायचं. कुकी क्लिकर (२०१३) सगळ्यांना माहीत असेल, आज्या कुकीज भाजतात वगैरे. तो संपतच नाही, म्हणून मला नको.

पण युनिव्हर्सल पेपरक्लिप्स खेळाच. फ्रँक लँट्झचा, २०१७. पांढरं पान, एक बटण: क्लिप बनवा. सुरुवातीला एक हजार इंच तार. क्लिपचा भाव तुम्ही ठरवायचा, तार संपली की विकत घ्यायची. अर्ध्या तासाने यंत्रं क्लिपा करायला लागतात आणि तुम्ही शेअर बाजारात पैसे गुंतवत असता. मागची कल्पना तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रॉमची: ज्या यंत्राला फक्त क्लिपा वाढवायला सांगितलंय ते पुढे काय-काय गिळेल? याच्या पुढचं सांगत नाही. एवढंच, की शेवटचा आकडा तीनावर ५५ शून्यं असा आहे आणि तो खरोखर गाठता येतो. गेम संपतो! एका सुट्टीच्या दिवसाचं काम आहे. मध्ये-मध्ये पोळ्या लाटून येता येतं.

अ डार्क रूम पण त्याच जातीचा, २०१३ चा. विझलेली शेकोटी, 'आग पेटवा' एवढंच बटण. पहिली दहा मिनिटं "हे काय आहे" वाटेल. थांबा. ब्राउझरमध्ये फुकट.

---

निवांत पाटील

आलो. जेवण झालं.

जिओएफएस. ब्राउझरमधला फ्लाइट सिम्युलेटर. खऱ्या पृथ्वीचा नकाशा, वर उपग्रहाची चित्रं, डोंगर खरे. फुकटात चित्र जरा धूसर दिसतं, स्पष्ट हवं तर पैसे भरा. मी भरलेले नाहीत आणि अडलेलं नाही. सेसना १७२ या छोट्या विमानापासून एअरबसपर्यंत विमानं, पॅराग्लायडरसुद्धा. माउसने सुकाणू, अधिक-वजा बटणांनी इंजिन. जी दाबलं की चाकं आत-बाहेर (सेसनाची चाकं कायम बाहेरच असतात, उगाच दाबत बसू नका).

आता अर्ध्या तासाचा आराखडा. पुणे ते मुंबई हवाई अंतर साधारण १२० किलोमीटर. सेसना ताशी दोनशे-सव्वादोनशेने जातं. म्हणजे बरोब्बर बसतं.

लोहगाव समुद्रसपाटीपासून ५९२ मीटरवर आहे. त्यामुळे धावपट्टीवर उभं असतानाच उंचीमापक १,९०० फुटांच्या वर दाखवतो. नवखे इथेच बिचकतात. उड्डाण करून साडेचार हजार फुटांवर स्थिर व्हा. डावीकडे पवना धरण ठेवा. लोणावळ्यापर्यंत जमीन जवळ असते, आणि मग सह्याद्रीची कड आली की जमीन एकदम खाली निघून जाते. विमान तिथेच, उंचीमापकाचा काटा तिथेच, पण खाली सह्याद्री संपून कोकण सुरू झालेलं. एसटीने बोरघाट शेकडो वेळा उतरलेल्या माणसालाही हा घाट एवढा सरळ कापलेला आहे हे वरून पाहिल्याशिवाय कळत नाही. या एका क्षणासाठी मी हा गेम खेळतो.

पुढे पनवेल, ठाण्याची खाडी, आणि पूर्वेकडून २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरायचं. घाटकोपरच्या घरांवरून विमानं इतकी खाली का दिसतात ते इथे समजतं. वेग ६५ नॉटपर्यंत आणा, फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) पूर्ण खाली. मुंबईची धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटर, सेसनाला त्यातला छोटासा तुकडा पुरतो. पहिल्यांदा आपटणारच. चूक अशी: धावपट्टी दिसली की सगळे नाक खाली करतात, वेग वाढतो आणि विमान तरंगत राहतं. नाक सोडा, इंजिन कमी करा. उंची इंजिनावर, वेग नाकावर. एवढं ध्यानात ठेवलं तर बाकी जमतं.

जुन्या लॅपटॉपवर ग्राफिक्स कमी करून ठेवा. मोबाइल डेटावर खेळू नका, चित्रं सतत उतरत असतात.

---

जर्सीकर

पाटील, आत्ता ऑफिसातून तुमच्या सूचना वाचून उडालो. खंडाळ्याच्या कडेला आलो आणि आईला व्हिडिओ कॉल लावून स्क्रीन दाखवली. ती म्हणाली, "अमृतांजन पूल कुठाय?"

---

निवांत पाटील

पाडला ना तो. २०२० च्या एप्रिलमध्ये, लॉकडाऊनमध्ये. सांगा आईंना.

---

नकाशेवाला

एक राहिलंच. पॅरेबल ऑफ द पॉलिगन्स. व्हाय हार्ट आणि निकी केस, २०१४. दहा मिनिटांचा आहे. चौकोन आणि त्रिकोण एका वस्तीत राहतात. कुणाच्याच मनात वाकडं नाही. नियम एवढाच की शेजाऱ्यांत एक तृतीयांशापेक्षा कमी आपल्यासारखे असतील तर मी घर बदलणार. म्हणजे बहुसंख्य शेजारी वेगळे असले तरी चालतील, इतकी माफक अट. तुम्ही एकेकाला उचलून हलवत जायचं. शेवटी बघावं तर सगळी वस्ती एका बाजूला चौकोन, एका बाजूला त्रिकोण अशी फाटलेली. मूळ गणित थॉमस शेलिंगचं, १९७१ चं. पुढे २००५ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मुंबईत "घर आहे, पण मासे चालणार नाहीत" हे ऐकलेल्यांनी जरूर खेळावा. तिथे तर अट माफकही नसते.

---

घाटमाथा

भांडण जुंपून धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत विषय बदला रे.

---

झिपरी

काश्मीर कशाला, गेमचा दुसरा भाग सांगा ना. अट उलटी करून पाहता येते: "सगळेच माझ्यासारखे असतील तर मी हलणार" असा नियम घातला की वस्ती पुन्हा मिसळायला लागते. थोडीशी मागणी पुरते.

---

पिंपळपान

नवीन सदस्य आहे, चूकभूल द्यावीघ्यावी. चहाताईंचं वाचून मायक्रोपोलिस सुरू केलं. शहर छान चाललं होतं, सेव्ह पण केलं होतं. आज बघते तर काही नाही! पुन्हा रिकामी जमीन. खातं उघडायला हवं होतं का?

---

घाटमाथा

खातं नसतंच त्याला. या धाग्यातले बरेचसे एकट्याने खेळायचे गेम तुमची प्रगती तुमच्याच ब्राउझरच्या साठ्यात ठेवतात, सर्व्हरवर नाही. ब्राउझरची हिस्टरी साफ करताना 'कुकीज आणि साइट डेटा' वर टिक राहिली तर सगळं पुसलं जातं. इन्कॉग्निटोमध्ये खेळलात तर खिडकी बंद होताच गेलं. ऑफिसच्या संगणकावरचं शहर घरच्या संगणकावर दिसणार नाही, त्याचंही कारण हेच. कुकी क्लिकर आणि अ डार्क रूममध्ये 'एक्स्पोर्ट'ची सोय आहे, अक्षरांची एक लांबलचक माळ मिळते. ती कॉपी करून स्वतःला ईमेल करून ठेवायची.

---

पिंपळपान

मिस्टरांनी काल "लॅपटॉप हळू चालतोय" म्हणून काहीतरी साफ केलं होतं. कळलं. बोलते त्यांच्याशी.

---

दुपारचा चहा

पिंपळपान, नवं शहर वसवताना कर सात टक्क्यांवरच ठेवा, तो मुळात तेवढाच असतो. नऊ-दहा केला की घरं-दुकानं-कारखान्यांची मागणी दाखवणाऱ्या पट्ट्या खाली जातात आणि नवीन वस्ती यायची मंदावते. सुरुवातीला पोलीस चौकी बांधू नका, ५०० डॉलर वाया. आधी लोक येऊ देत, गुन्हे मागून येतातच.

---

सड्यावरची करवंद

पाटीलनू, आमच्या चिपीक उतराक येता काय ओ त्या गेमात? २०२१ त सुरू झालेलो विमानतळ, म्हणून विचारतंय.

---

निवांत पाटील

यादीत नाव सापडलं नाही तरी घाबरू नका. गोव्याहून, दाबोळीवरून उडा आणि समुद्रकिनारा डावीकडे ठेवून उत्तरेला चला. तेरेखोलची खाडी, मग वेंगुर्ले, त्याच्या पुढे पारुळ्याच्या सड्यावर धावपट्टी डोळ्यांनी शोधायची. अडीच किलोमीटरची आहे, सेसनाला भरपूर. रविवारी रात्री दहाला मी दाबोळीवर उभा असेन, ज्यांना यायचंय त्यांनी इथे नाव लिहा.

---

रात्रपाळी

माझं नाव लिहा. पहारा लागणार असेल तर काकांनाही विचारतो.